'प्रणाम मरिया' या प्रार्थनेत येशूच्या आईला 'तू' का म्हणतात? हा अनादर नाही का?

तुमची मुलगी इंदूरच्या कॉन्व्हेंटमधून 'प्रभु तेरे साथ है, धन्य तू स्त्रियों में' असं पाठ करून आली आणि ते 'तू-तेरे' तुम्हाला खटकलं, असं तुम्ही लिहिलंय. मी ख्रिश्चन नाही. पण इंदुरातच नन्सच्या शाळेत दहा वर्षं रोज सकाळी हीच प्रार्थना म्हटली आहे, तेवढ्या भांडवलावर लिहिते.

दुसरीत असताना मैत्रिणीच्या आईला मी फाटकातूनच विचारलं होतं, 'आंटी, तू कहाँ जा रही है?' आंटी हसल्या. त्यांच्या सासूबाईंनी मात्र तिथल्या तिथे झापलं, 'बड़ों से ऐसे बोलते हैं?' माझं काय चुकलं तेच कळेना. आमच्याकडे आई, आजी, मावशी, आत्या सगळ्यांना 'तू', 'अहो' फक्त बाबांना. घरचा 'तू' उचलून हिंदीत टाकायचा आणि बोलणी खायची, हे इंदूरच्या मराठी पोरांच्या नशिबीच असतं. त्यामुळे प्रार्थनेतला 'तू' मला कधी टोचला नाही. आईच ना ती, मग 'तुम्ही' कोण म्हणणार? ती मैत्रीण स्वतःच्या आईला 'आप' म्हणायची, तिची जीभ मात्र सुरुवातीला अडखळायची.

आता मूळ शब्दांकडे. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला, पहिल्या अध्यायातला. 'प्रणाम, कृपापूर्ण, प्रभु तेरे साथ है' हे देवदूत गब्रीएलचं बोलणं (ओवी २८), आणि 'धन्य तू स्त्रियों में' हे मरियेची नातलग अलीशिबा म्हणते (ओवी ४२). लूकने लिहिलं ग्रीकमध्ये, आणि त्या काळच्या ग्रीकमध्ये समोर एकटा माणूस असला की तो राजा असो वा गुलाम, 'तू'च. लॅटिन 'दोमिनुस तेकुम'मध्येही तसंच. म्हणजे हा 'तू' व्याकरणातून आलाय, त्यात लाडही नाही आणि अपमानही नाही. गंमत म्हणजे त्या वाक्यात क्रियापदच नाही. नुसतं 'प्रभू तुझ्यासोबत'. 'आहे' की 'असो', ते भाषांतर करणाऱ्याने ठरवायचं.

पुढे प्रत्येक भाषेने आपापला मान ठेवला. फ्रेंच कॅथलिक १९६६ पासून 'हे आमच्या पित्या' या प्रार्थनेत देवाला 'तू' म्हणतात, पण मरियेला अजून 'व्हू', म्हणजे 'तुम्ही'! आपल्या घरातल्या रीतीच्या बरोब्बर उलट. इंग्रजी प्रार्थनेतल्या 'द लॉर्ड इज विथ दी'मधला 'दी' (thee) हा मुळात साधा एकवचनी 'तू'च होता. जुना झाला म्हणून आता भारदस्त वाटतो इतकंच.

'कृपापूर्ण'बद्दलही विचारलंत. ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे, 'केखारितोमेने', म्हणजे 'जिच्यावर कृपा झालेली आहे अशी'. लॅटिनने त्याचं 'कृपेने भरलेली' केलं आणि हिंदी त्याच वाटेने गेली. मला ग्रीक जास्त आवडतं. 'भरलेली' म्हटलं की भांडं डोळ्यांसमोर येतं, 'झालेली' म्हटलं की कृपा करणारा दुसरा कुणीतरी आहे हे लक्षात राहतं.

उत्तरार्ध बायबलमधला नाही. तो नंतर जोडला गेला आणि आजच्या रूपात १५६८ च्या रोमन ब्रेव्हियरीत, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या नित्यप्रार्थनेच्या पुस्तकात, पक्का झाला. इथे नीट पाहा: मरियेकडे काही द्यायला सांगितलेलंच नाही. 'प्रार्थना कर हम पापियों के लिए', एवढंच. सहलीचे पैसे बाबांकडे मागायची हिंमत नसली की आपण स्वयंपाकघरात जाऊन 'आई, तू सांग ना त्यांना' म्हणतो, तसं. अशी रदबदली 'आपण कृपया' म्हणून होत नाही. तेव्हा मुलीला 'आप' करायला लावू नका. वर्गात सगळ्यांचं 'तेरे साथ है' आणि हिचं एकटीचं 'आपके साथ है' व्हायचं.

माझ्या आईला 'तू'चं काही वाटलं नव्हतं. तिला खटकली ती शेवटची ओळ, 'अब और हमारे मरने के समय'. मी दिवेलागणीला परवच्यासोबत हेही म्हणायला बसले, तशी ती स्वयंपाकघरातून ओरडली, 'तिन्हीसांजेला मरणाचं काय काढलंस?' मग तिनेच तोड काढली. घरी 'अब'पर्यंत म्हणायचं, पुढचं शाळेत.