मोसंबीची गळ आणि बांधावरची गुळवेल

प्रश्न : अंबड तालुक्यात आमची मोसंबीची दीडशे झाडं आहेत. आंबे बहाराची फळं रंगावर आली की रोज सकाळी टोपलंभर गळ पडते. फळाला बारीक भोक असतं, आत अळी नसते. रासायनिक औषध मारायचं नाही. ५ टक्के निंबोळी अर्क तीनदा फवारला, फरक नाही. काय करावं?
– एक शेतकरी भगिनी, जि. जालना

उत्तर : ताई, उद्या ताजं पडलेलं फळ उचला आणि भोकाच्या बाजूला दाबून पाहा. रसाची चिळकांडी उडाली, तर हा रस शोषणारा पतंग समजा. आत अळी सापडली असती तर फळमाशीसाठी रक्षक सापळे लावा म्हणालो असतो.

निंबोळी अर्क चांगलाच, पण तो पानं खाणाऱ्या अळीच्या पोटात जावा लागतो. हा पतंग दिवस मावळल्यावर बाहेरून येतो, टणक सोंड सालीत खुपसतो आणि आतला रस पितो. सालीवरचा अर्क त्याचं काय करणार? शिवाय त्याची अळी मोसंबीवर वाढतच नाही. ती वाढते गुळवेलीवर, वासनवेलीवर.

हे कळेपर्यंत आमच्या पैठणकडच्या बागेत माझे दोन हंगाम गेले. मी झाडंच न्याहाळत होतो. एका श्रावणात बांधावरच्या कडुलिंबाखाली उभा होतो, तर वर चढलेल्या गुळवेलीवर काळपट अळी, कुशीला डोळ्यासारखे ठिपके, शेपटीकडचं अंग वर उचललेलं. पानांची चाळण झालेली. त्याच लिंबाच्या निंबोळ्या मी अर्कासाठी वेचत होतो!

पुढच्या वर्षी पावसाच्या सुरुवातीलाच वेल मुळासकट काढा. तुकडे बांधावर टाकू नका, कांडी पुन्हा फुटते. काढ्यापुरती घरी नीट वाळवून ठेवा.

या हंगामात मात्र रोज सकाळी गळ वेचून खड्ड्यात खोल पुरा. पडलेल्या फळांच्या वासाने पतंग आणखी येतात. अंधार पडताच वाऱ्याच्या बाजूला ओलसर पाचोळा आणि कडुलिंबाचा पाला घालून धूर करा. जाळ नको, धूरच हवा. रात्री बॅटरी घेऊन फिरा. पतंगाचे डोळे लालसर चमकतात, फळावर बसलेला हाताने धरता येतो. आम्ही दोघं भाऊ आठपासून अकरापर्यंत फिरायचो.

आणि शेजाऱ्याच्या बांधावरची वेलही पाहा, ताई. पतंग तिकडूनही उडत येतो.