ऑफिसचा नेटवर्क प्रिंटर अ‍ॅड करताना अ‍ॅडमिन पासवर्ड मागतो, आयटीवाला देत नाही, काय करू?

पासवर्ड मागू नका, मिळणार नाही आणि मिळूही नये. ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला तो प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, तेवढं बसवून मागा. तुम्ही लिहिलंय की शेजारच्या मशीनवर तोच प्रिंटर न विचारता चालतो, म्हणजे आयटीवाला मुद्दाम तुम्हालाच त्रास देतोय, असं तुमचं म्हणणं. हे वाचूनच उत्तर लिहायला बसलो, कारण हाच आरोप मी नवी मुंबईत महापेच्या एका ऑफिसात आयटी बघताना सगळ्यांसमोर ऐकलाय.

शेजारच्याच्या मशीनवर तो ड्रायव्हर आधीपासून बसलेला असणार, बाकी काही नाही. सर्व्हरवरचा, म्हणजे ऑफिसचे प्रिंटर सांभाळणाऱ्या मुख्य मशीनवरचा, प्रिंटर जोडला की ड्रायव्हर सर्व्हरवरून तुमच्या मशीनवर येतो. पूर्वी तो गपचूप यायचा. जुलै २०२१ मध्ये प्रिंटनाइटमेअर नावाचं विंडोजच्या प्रिंटिंगमधलं भोक बाहेर आलं, म्हणजे साध्या युजरच्या लॉगिनवरून ड्रायव्हर म्हणून काहीही घुसवायचं आणि पूर्ण मशीन ताब्यात घ्यायचं. मग मायक्रोसॉफ्टने १० ऑगस्टच्या अपडेटपासून ड्रायव्हर बसवायला अ‍ॅडमिन लागणारच असं करून टाकलं.

आता टायमिंग बघा. १५ ऑगस्टपासून कोविड लसीच्या दोन डोसवाल्यांना मुंबईची लोकल ट्रेन सुरू झाली, लोक ऑफिसला परतले, कित्येक महिने बंद पडलेली मशीन चालू झाली, अपडेट पडले आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर एकदम ‘ट्रस्ट धिस प्रिंटर?’ची खिडकी, खाली ते शिल्डचं चिन्ह असलेलं इन्स्टॉल ड्रायव्हरचं बटन. डिस्पॅचला गाड्या उभ्या, गाडीवाले चलनाची प्रत हातात मिळाल्याशिवाय हलत नाहीत, आणि अकाउंट्सचे साहेब फ्लोअरच्या मधोमध उभे राहून म्हणतात, "सगळं नीट चाललं होतं, तुम्हीच काहीतरी छेडछाड केलीत." मी अपडेट दाखवतोय, ते बघायला तयार नाहीत. त्यांच्या ओळखीचा एक व्हेंडर आला, त्याने अर्ध्या तासात सगळ्या युजरना लोकल अ‍ॅडमिन, म्हणजे आपापल्या मशीनचे मालकच, करून टाकलं आणि चहा पिऊन गेला. प्रिंट निघाली, टाळ्या त्याला. कडी अडकते म्हणून दारच काढून ठेवायचं, त्यातला प्रकार. पुढे महिनाअखेरीला साहेबांच्याच टीममधल्या एकाने कुठला तरी फुकटचा पीडीएफ कन्व्हर्टर टाकला, ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पेज, जाहिरातींचा पाऊस, आणि ते मशीन फॉरमॅट करायला कोण बसलं? व्हेंडर नाही.

मग मी जे पहिल्या दिवशी सांगत होतो तेच केलं. सर्व्हरवर आहे अगदी त्याच व्हर्जनचा ड्रायव्हर प्रत्येक मशीनवर आधीच टाकला, म्हणजे पीएनपीयुटिल या विंडोजच्या कमांडने पॅकेज आत घ्यायचं आणि मग अ‍ॅड-प्रिंटरड्रायव्हर ही दुसरी कमांड चालवायची, नुसतं पहिलं करून थांबलात तर काम अर्धंच होतं. प्रिंटर ग्रुप पॉलिसीने, म्हणजे एका जागेवरून सगळ्या मशीनना सेटिंग पाठवून, ढकलले, युजरांचे अ‍ॅडमिन हक्क काढले. खिडकी गेली. सर्व्हरवर नवीन व्हर्जन टाकलं की ती परत येते, तेव्हा मशीनवर आधी, सर्व्हरवर नंतर.

तुमच्या आयटीवाल्याला एवढंच लिहून पाठवा: मशीनचं नाव, प्रिंटरचं सर्व्हरवरचं नाव आणि मेसेजचा फोटो. "प्रिंटर चालत नाही" असं पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. एररच्या कोडच्या शेवटी ११बी असेल तर तो वेगळा आजार, तिथे सर्व्हर आणि तुमचं मशीन यातल्या एकावर अपडेट आहेत आणि दुसऱ्यावर नाहीत. यूट्यूबवाले अपडेट काढायला सांगतात. काढू नका, दोन्हीकडे पूर्ण करा. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या यादीत, रिस्ट्रिक्टड्रायव्हरइन्स्टॉलेशनवाली किंमत शून्य करायचा सल्लाही मिळेल, त्याने चालतं, पण मग ते भोक परत उघडं.

हां, एक राहिलं. तुमच्याकडे सर्व्हर वगैरे नसेल, दोन टेबलांपलीकडच्या पीसीवरून शेअर केलेला प्रिंटर असेल, तर ग्रुप पॉलिसी वगैरे लागत नाही, अ‍ॅडमिनवाल्याने एकदा येऊन प्रत्येक मशीनवर ड्रायव्हर बसवायचा आणि विषय संपला. नवीन प्रिंटर घेणार असाल तर खोक्यावर मोप्रिया सर्टिफाइड (वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्रिंटरचं एक सामाईक प्रमाणपत्र) असं लिहिलेला घ्या, विंडोजमध्ये आधीच असलेल्या आयपीपी नावाच्या ड्रायव्हरवर चालतो, कंपनीचं सॉफ्टवेअर टाकायची गरज नाही. फक्त स्टेपल, पंच असली कामं त्यात कधीकधी मिळत नाहीत, अकाउंट्सवाल्यांना आधी विचारून घ्या. आमच्या साहेबांना मी विचारलं होतं, म्हणाले, "ते तुमचं काम, आम्हाला फक्त प्रिंट हवी." पुढच्याच आठवड्यात स्टेपल होत नाही म्हणून मेल, सीसीमध्ये डायरेक्टर.