न्यू जर्सीत कामगार गांजाच्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आला, तर त्याला काढता येतं का?

तुमच्या एडिसनच्या गोदामातला फोर्कलिफ्टवाला युरिन टेस्टमध्ये पॉझिटिव्ह आलाय आणि तुमच्या हातात फक्त लॅबचा रिपोर्ट आहे. तेवढ्यावर काढू नका, अंगाशी येईल. मी इथेच गोदामांच्या एचआरचं काम बघतो, हा प्रश्न सारखा येतो.

गव्हर्नर मर्फींनी फेब्रुवारी २०२१ मध्ये सही केलेल्या कायद्याने २१ वर्षांवरच्यांना गांजा मोकळा झाला. त्यातच नोकरीचं कलम आहे: शरीरात गांजाचे अंश सापडले, एवढ्याच कारणावरून कुणाला नोकरी नाकारता येत नाही की काढता येत नाही. लघवीत सापडतो तो नशा उतरल्यावर मागे उरलेला अंश. रोज ओढणाऱ्याच्या अंगात तो कित्येक आठवडे राहतो. शनिवारी रात्री घरी ओढली, गुरुवारी पॉझिटिव्ह! दारूसाठी फुंकायचं यंत्र असतं, तसं भरवशाचं काही गांजाला अजून नाही.

म्हणून दुसरा पुरावा लागतो, माणूस कामावर नशेत दिसला याचा. राज्याच्या कॅनॅबिस आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये त्यासाठी नमुना फॉर्म दिलाय. सुपरवायझर त्यात हमखास 'संशयास्पद वाटला' एवढंच लिहून मोकळे होतात. त्याचा काडीचा उपयोग नाही. 'सकाळी १०:२०, फोर्क रॅकला घासला, एकच ऑर्डर तीनदा सांगावी लागली, जीभ जड, जॅकेटला वास' असं लिहायला लावा, तेही तिथल्या तिथे. शक्य असेल तर पाहणाऱ्या दुसऱ्याचीही सही घ्या. नुसते लाल डोळे पुरत नाहीत. एप्रिल-मेमध्ये परागकणांच्या ॲलर्जीने निम्म्या गोदामाचे डोळे लाल असतात.

कामाच्या वेळेत ओढायला, जवळ बाळगायला, तर्र होऊन यायला बंदी घालता येते. घालाच, आणि लेखी. अपघातानंतर टेस्टही करता येते.

त्याच्याकडे मेडिकल कार्ड (औषध म्हणून गांजा घ्यायची राज्याची परवानगी) असेल तर प्रकरण वेगळं. खुलासा द्यायला त्याला कामाचे तीन दिवस मिळतात, आणि पुढचं वकिलाशी बोलूनच करा. सीडीएलवाले, म्हणजे अवजड गाड्यांचा व्यावसायिक परवाना असलेले, ट्रक ड्रायव्हर असतील तर उलटा हिशेब: त्यांना केंद्राच्या वाहतूक खात्याचे नियम लागू, पॉझिटिव्ह आला की गाडीवरून उतरवावंच लागतं. (आपल्या एच-१बीवाल्या मुलांच्याही कानावर घाला. राज्यात चालतं म्हणून इमिग्रेशनला चालतं असं नाही, तिथे केंद्राचाच कायदा.)

दुसऱ्या राज्यात शाखा असेल तर हीच पॉलिसी तिथे चिकटवू नका. कोलोरॅडोत गांजा मोकळा असूनही २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाच्या बाजूने निकाल दिला होता.

तुमच्या माणसाची टेस्ट मुळात का केली, ते आधी शोधा. काही धडकाधडकी झाली असेल तर त्या दिवसाचं सीसीटीव्ही फुटेज आजच काढून ठेवा. बऱ्याच सिस्टिम जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसून टाकतात.