‘अँड’ दिसलं की कंपाउंड?

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी मराठी माध्यमात नववीला आहे. इंग्रजीत सिंपल, कंपाउंड, कॉम्प्लेक्स वाक्यं ओळखताना तिची हमखास गडबड होते. क्लासमध्ये सांगितलंय, ‘अँड’, ‘बट’ दिसलं की कंपाउंड आणि ‘दॅट’, ‘बिकॉज’ दिसलं की कॉम्प्लेक्स. घटक चाचणीत ‘रेन अँड विंड डॅमेज्ड द रूफ’ हे वाक्य तिने कंपाउंड लिहिलं, तर चूक दिलं. ‘अँड’ तर समोर आहे! क्लास बदलावा का?
— एक आई, भांडुप

उत्तर : ताई, पेपर तपासणाऱ्यांचं बरोबर आहे. त्या वाक्यात ‘अँड’ने पाऊस आणि वारा ही दोन नामं जोडली आहेत, क्रियापद एकच, ‘डॅमेज्ड’. म्हणून ते सिंपल. लोकलमध्ये फूटबोर्ड आणि प्लॅटफॉर्ममधल्या अंतराकडे लक्ष द्या, असं इंग्रजीतून सांगतात ना, तिथेही ‘अँड’ आहे, पण तो दोन वस्तूंमध्ये. सांगितलेलं काम एकच, ‘माइंड’.

परळच्या शाळेत मी वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवलं. जोडशब्द पाठ करून आलेली मुलं वाक्य वाचतच नाहीत, शब्द हुडकतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुलीला सांगा, आधी क्रियापदं शोधायची, जोडशब्दाकडे नंतर बघायचं.

क्रियापदही कोणतं, ते महत्त्वाचं. ‘हॅविंग मिस्ड द फास्ट ट्रेन, ही टुक द स्लो वन’ हे वाक्य घ्या. आता हेच रोज घडतंय असं समजून म्हणा. ‘टुक’चं ‘टेक्स’ झालं, ‘हॅविंग मिस्ड’ जसंच्या तसं राहिलं. काळाबरोबर बदलतं ते फायनाइट क्रियापद, मोजायचं तेवढंच. ‘टू कॅच’, ‘रनिंग’, ‘हॅविंग मिस्ड’ ही रूपं मोजायची नाहीत. तेव्हा दिसायला लांबलचक असलं तरी हे वाक्य सिंपलच.

फायनाइट क्रियापदं दोन निघाली आणि प्रत्येकाला स्वतःचा कर्ता असला, की वाक्यात दोन क्लॉज (उपवाक्यं) आले. आता एकेक क्लॉज हाताने झाकून उरलेला वाचायचा. ‘द ट्रॅक वॉज अंडर वॉटर, सो द ट्रेन्स स्टॉप्ड’ : ‘सो’ बाजूला ठेवला तर दोन्ही भाग आपापल्या पायावर उभे राहतात, म्हणून कंपाउंड. ‘द ट्रेन्स स्टॉप्ड बिकॉज द ट्रॅक वॉज अंडर वॉटर’ : इथे ‘बिकॉज’पासूनचा भाग एकटा म्हटला तर ऐकणारा ‘मग काय झालं?’ म्हणून थांबून राहतो. हे कॉम्प्लेक्स. मराठीच्या तासाला ती केवल, संयुक्त, मिश्र वाक्यं शिकली असेलच. विभागणी तीच आहे.

‘दॅट’ मात्र फार फसवा. ‘दॅट शॉप सेल्स अंब्रेलाज’ सिंपल आहे, कारण तिथे ‘दॅट’ नुसतं बोट दाखवतो. ‘द शॉप दॅट सेल्स अंब्रेलाज इज निअर द स्टेशन’ कॉम्प्लेक्स. ‘सेल्स’ आणि ‘इज’ अशी दोन क्रियापदं आहेत. आणि ‘आय नो यू आर टायर्ड’मध्ये ‘दॅट’ दिसतच नाही, तरी ते कॉम्प्लेक्स. हाताने झाकायची युक्ती इथे पुरत नाही, कारण ‘यू आर टायर्ड’ एकटंही चालतं. अशा वेळी ‘आय नो’ला विचारायचं, काय माहीत आहे? उत्तरात अख्खा क्लॉज आला, म्हणजे तो पहिल्यावर अवलंबून आहे. ‘आफ्टर’चंही तसंच : ‘आफ्टर द मीटिंग, शी कॉल्ड मी’ सिंपल, ‘आफ्टर द मीटिंग एंडेड, शी कॉल्ड मी’ कॉम्प्लेक्स. फरक एका ‘एंडेड’चा.

एका ठिकाणी मतभेद आहे, तोही सांगते. ‘आई वेन्ट टू दादर अँड बॉट फ्लॉवर्स’मध्ये क्रियापदं दोन, कर्ता एक. आज बरेच व्याकरणकार याला सिंपल म्हणतात. जुन्या शालेय व्याकरणात दुसरा कर्ता गाळलेला आहे असं धरून ते कंपाउंड मानायची पद्धत होती. मला पहिलं पटतं. पण गुण तिच्या शाळेत मिळायचे आहेत, म्हणून हे एक वाक्य तिने तिच्या बाईंना दाखवून विचारून घ्यावं.

क्लास बदलायची गरज मला दिसत नाही. रोज पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद घ्या. पहिला आठवडा सिंपल, कंपाउंड असं काहीच लिहायला लावू नका, नुसती फायनाइट क्रियापदं पेन्सिलने अधोरेखित करू द्या. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक क्रियापदाचा कर्ता शोधायला सांगा. नावं त्यानंतर.