मुंबईत छोटा घरगुती व्यवसाय आहे. मोबाइलवर स्वतः लोगो-लेबल करता येतं, मग ग्राफिक डिझायनरला पैसे का द्यायचे?

द्या. आमच्या घरचाच अनुभव सांगते. वहिनी परळला घरून फराळाचं करतात. पहिलं लेबल ओळखीतल्या मुलाने फुकट करून दिलं. छापून आलं तेव्हा 'खाऱ्या शंकरपाळ्या'मधला ऱ्या तुटून 'खार् या' झाला होता, आणि स्क्रीनवरचा झगझगीत केशरी कागदावर विटकरीसारखा उतरला होता. दिवाळी तोंडावर, 500 लेबलं वाया. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं.

स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते (आरजीबी), छपाई शाईने (सीएमवायके). डिझायनर हे आधीच धरून चालतो, फॉन्टमधली जोडाक्षरं तपासतो. शिवाय लोगो व्हेक्टरमध्ये देतो, म्हणजे तीच फाइल बरणीच्या झाकणावरही चालते आणि दहा फुटी फलकावरही. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला जेपीजी मोठा केला की कडा फाटतात.

पुढे दुकान घेतलंत तर पाटी मराठीत लागेल आणि देवनागरी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाहीत. म्हणून देवनागरीत खरंच काम केलेला माणूस शोधा, त्याचं छापलेलं काम हातात घेऊन बघा. सर जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं छोटी कामं घेतात का, तेही विचारा.

बजेट कमी असेल तर आधी फक्त लोगो आणि एक लेबल करून घ्या, व्हिजिटिंग कार्ड नंतर. मात्र मूळ फाइल मागून घ्यायला विसरू नका.