बिघाड डोळ्यांना दिसायचा तेव्हा

वाचकांचे प्रश्न : वाहन आणि देखभाल

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८६ साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी साताऱ्यात आमच्या घराच्या पडवीत आजही उभी आहे. रोजच्या वापराला मी २०२१ साली दुसरी गाडी घेतली. गेल्या पावसाळ्यात कासहून परतताना ही नवी गाडी यवतेश्वरच्या घाटात एकाएकी बंद पडली आणि काही केल्या सुरू होईना. टो करून नेल्यावर वर्कशॉपने आधी एक सेन्सर बदलला, मग इंजिनाचा कॉम्प्युटरच बदलावा लागेल असे सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी तेथून हलवली. गोडोलीतील एका मेकॅनिकने दोन दिवस शोधून उंदराने कुरतडलेली वायर दाखवली, ती जोडली आणि गाडी सुरू झाली. वडील रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून पाऊण तासात पद्मिनी चालू करीत. जुन्या गाड्या खरोखरच दुरुस्तीला सोप्या होत्या, की हा माझ्या आठवणींचा खेळ आहे? पद्मिनी पुन्हा रोजच्या वापरात आणावी का?
— एक निवृत्त शिक्षक, सातारा

उत्तर : आपली आठवण खोटी नाही, पण अर्धी आहे. वडिलांना पाऊण तास लागत असे हे खरे. मात्र तो पाऊण तास वर्षातून किती वेळा खर्ची पडत असे, हेही आठवून पाहावे. दर चार-पाच हजार किलोमीटरला पॉइंट (ठिणगीची वेळ साधणारे दोन संपर्कबिंदू) घासणे, प्लग साफ करणे, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावणे, सांध्यांत ग्रीस भरणे ही कामे ठरलेलीच असत आणि लाखभर किलोमीटर होण्याच्या आत इंजिन उघडण्याची वेळ बहुतेकांवर येई. उन्हाळ्यात वाईहून पसरणीचा घाट चढताना इंजिनाच्या उष्णतेने पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी थांबे आणि पंपावर ओले फडके टाकून बसावे लागे. आज टाकीतला विजेचा पंप पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, त्यामुळे ते ओले फडके नव्या पिढीने पाहिलेले नाही आणि त्याबद्दल मला मुळीच हळहळ वाटत नाही.

सोपेपणा होता तो बिघाड सापडण्यात. पेट्रोल इंजिनाला पेट्रोल, हवा आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी एवढ्याच गोष्टी लागतात आणि पद्मिनीच्या १०८९ सीसी, चार सिलिंडरच्या इंजिनात या तिघींचा मार्ग उघड्या डोळ्यांना दिसत असे. बॉनेटखाली इतकी मोकळी जागा असे की पाना हातातून निसटला तर तो थेट जमिनीवर पडे. एक प्लग काढून तो वायरीसकट इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. निळसर ठिणगी पडली तर करंट ठीक. नाही पडली तर डेल्कोचे (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे) झाकण उघडून पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे आणि त्यांच्यातील फट ०.४ ते ०.५ मिलिमीटर ठेवायची. फिलर गेज (फट मोजण्याची पट्टी) हाताशी नसेल तर लग्नपत्रिकेच्या कागदावर अंदाज घेणारे मिस्त्री मी पोवई नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये, उमेदवारीच्या दिवसांत पाहिले आहेत. करंट असूनही गाडी लागत नसेल तर कार्बोरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) पाइप सैल करून पेट्रोल येते का ते पाहायचे, येत असेल तर जेट (पेट्रोल येण्याचे बारीक भोक असलेला भाग) काढून तोंडाने फुंकायचा. पेट्रोलची ती चव दिवसभर जिभेवरून जात नसे, हेही वडिलांच्या पाऊण तासाच्या हिशेबात धरायला हवे.

हा सोपेपणा का गेला, याचे उत्तर केवळ कंपन्यांच्या लोभात शोधू नये. कार्बोरेटर हे मोठे चतुर पण अडाणी यंत्र होते. अरुंद गळ्यातून वेगाने जाणाऱ्या हवेचा दाब कमी होतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येते, एवढेच त्याचे तत्त्व. आपण दिलेले पेट्रोल नीट जळाले की काळा धूर होऊन बाहेर पडले, याची त्याला खबर नसे. धुरावर नियम आले तेव्हा हे अज्ञान चालेनासे झाले. १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातील घातक वायू निवळणारे उपकरण) सक्तीचा झाला. हे उपकरण आपले काम चोख करते ते हवा आणि पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ राहिले तरच. ते तसे राखायचे म्हणजे धुरातील प्राणवायू सतत मोजायचा आणि सेकंदाला अनेकदा इंजेक्शन कमी-जास्त करायचे. हे काम जेट आणि स्क्रू यांच्या आवाक्यातले नव्हे. पुढे नियम कडक होत गेले आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ हे धुराचे नियम लागू झाले. आपली गाडी त्यानंतरची असल्यामुळे तिच्यात सेन्सर आणि वायरी यांचे जाळे असणे अपरिहार्यच आहे.

आता आपल्या प्रसंगाकडे येतो. आपण सांगितलेल्या लक्षणांवरून तो सेन्सर क्रँकशाफ्टची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) स्थिती सांगणारा असावा. तो गप्प झाला की पिस्टन कोठे आहे हे कॉम्प्युटरला कळत नाही. मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही देत नाही. स्कॅनर (कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड वाचणारे यंत्र) लावल्यावर जो कोड दिसतो तो ‘या मार्गाने संदेश येत नाही’ एवढेच सांगतो. सेन्सर गेला आहे असे तो म्हणत नाही. तापाचा आकडा पाहून कोणी थेट शस्त्रक्रियेची तारीख द्यावी, तसे आपल्या बाबतीत घडले. सेन्सर बदलूनही कोड तसाच राहिला, तेव्हाच दोन टोकांच्या मधली वायर मल्टिमीटरने तपासायला हवी होती. बॅटरी सोडवून वायरीची सलगता पाहणे हे काही मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी लागणारे मीटर काही शे रुपयांत मिळते. गोडोलीच्या मेकॅनिकला वायर जोडायला दहा मिनिटे लागली असतील. दोन दिवस गेले ते वायरिंगचा नकाशा हाती नसल्यामुळे. माझी खरी तक्रार येथे आहे. गाडी गुंतागुंतीची झाली हे मी समजू शकतो, पण तिच्या वायरिंगची माहिती बाहेरच्या गॅरेजला सहज मिळू नये आणि एक पिन खराब झाली तर अख्खा जोड विकत घ्यावा लागावा, यात धुराचा काहीही संबंध नाही.

पद्मिनी जरूर सुरू करावी, परंतु रोजच्या धावपळीला तिला जुंपू नये. खासगी गाडीच्या नोंदणीची मुदत पंधरा वर्षांची असते आणि नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते, तेव्हा आधी कागद पाहावेत. मग टाकी उतरवून धुवावी, ब्रेकचे सर्व रबर बदलावे, प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडावे आणि सेल्फ मारण्यापूर्वी इंजिन हाताने फिरते का ते पाहावे. घाट उतरताना तिचे ड्रम ब्रेक तापून ढिले पडतात आणि टक्कर झाल्यास आपल्याला वाचवणारी एअरबॅग तिच्यात नाही. नातवंडांना घेऊन जाताना नवीच गाडी काढावी.

प्रश्न : २००५ च्या महापुरात सांगलीच्या गावभागात आमची पद्मिनी छपरापर्यंत बुडाली होती, तरी पंधरा दिवसांत ती रस्त्यावर आली. २०१९ च्या पुरात नवी गाडी जेमतेम सीटपर्यंत बुडाली, तर विमा कंपनीने ती भंगारात काढली. मी स्वतः वालचंद महाविद्यालयातून अभियांत्रिकी शिकलेला असूनही मला हे पटलेले नाही.
— एक वाचक, सांगली

उत्तर : ज्या वालचंद हिराचंद यांनी पद्मिनी बनवणारी प्रीमियर कंपनी उभी केली, त्यांच्याच नावाच्या महाविद्यालयात शिकलेल्या वाचकाने हा प्रश्न विचारावा, याची मला गंमत वाटली. जुन्या गाडीत पाणी शिरत असे ते लोखंडात, कापडात आणि तेलात. इंजिन, गिअरबॉक्स व डिफरन्शियल यांचे तेल काढून टाकले, प्लग काढून इंजिन हाताने फिरवले, सेल्फ आणि डेल्को उघडून वाळवले, चाकांच्या बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरले की काम उरकत असे. नव्या गाडीत वायरिंगचा मोठा भाग कार्पेटखालून जातो आणि एअरबॅगचा कॉम्प्युटर पुष्कळ गाड्यांत दोन सीटांच्या मध्ये, जमिनीलगतच बसवलेला असतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती आणि ते पाणी स्वच्छ नव्हते. गाळमिश्रित पाणी कनेक्टरमध्ये (वायरींच्या जोडांत) शिरले आणि बॅटरी जोडलेली राहिली, तर विजेच्या प्रवाहाने तांबे झिजून त्यावर हिरवट थर चढतो. असा कनेक्टर वाळल्यावर चालतो आणि सहा महिन्यांनी भर रस्त्यात दगा देतो. त्यामुळे प्रामाणिक गॅरेजही अशा गाडीची हमी देत नाही. त्यातच दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा मूल्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की ती पूर्ण नुकसानीत धरली जाते.

पुढच्या वेळी पाणी उतरल्यावर सर्वांत आधी बॅटरी सोडवावी आणि ‘लागते का ते बघू’ म्हणून बटण मुळीच दाबू नये. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. हा नियम मात्र पद्मिनीलाही तितकाच लागू होता.

प्रश्न : आम्ही ऊस पिकवतो आणि आमच्याच उसाचे इथेनॉल पेट्रोलमधून आमच्या गाडीत येते. मात्र १९९४ च्या कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० च्या, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा रबरी पडदा वर्षात दोनदा गेला. उपाय सुचवावा.
— एक शेतकरी, वाळवा तालुका

उत्तर : त्या काळचे रबर इथेनॉलचा विचार करून बनवलेले नव्हते, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात ते फुगते किंवा मऊ पडते. पंपाचा पडदा, पेट्रोलचे पाइप आणि कार्बोरेटरची सील इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घ्यावीत व फिल्टर दर काही महिन्यांनी बदलावा. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून सुगीच्या दिवसांत गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

दुसरी गोष्ट कार्बोरेटरच्या अडाणीपणाचीच आहे. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे पूर्वीच्याच जेटवर मिश्रण पातळ पडते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. नवी गाडी हे सेन्सरवरून ओळखून पेट्रोल वाढवते; आपल्या गाडीत ते मेकॅनिकने करायचे असते. गाडी वीस-पंचवीस किलोमीटर चालवून प्लग काढावेत. टोक पांढरट दिसले तर मिश्रण पातळ आहे, काजळी धरली असेल तर जाड आहे. फिकट तपकिरी दिसेपर्यंत थोडे थोडे जुळवत जावे.