क्वार्टर काढलेल्या पद्मिनीची सलग काच : माप टेपने नको, फर्म्याने घ्या

मालक, तुमची अडचण मला समजली ती अशी. प्रीमियर पद्मिनी गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांतली तिकोनी क्वार्टर काच आणि तिच्या शेजारची उभी पट्टी काढून टाकलीय, तिथं आता एकच सलग काच पाहिजे, दाराच्या चौकटीचं टेपने माप घेतलं, बाजारातनं ५ मिमीची काच कापून आणली आणि आता ती अर्ध्यावर येऊन पुढच्या कोपऱ्यात अडकते. डेंटर म्हणतोय कड थोडी घासून घेऊ.

घासायचं राहू द्या, आधी ती काच गाडीतनं बाहेर काढा. ती घराच्या खिडकीची साधी काच आहे. फुटली तर लांब धारदार तुकडे पडतात आणि ते दाराशी बसलेल्या माणसाच्या बरोब्बर मानेजवळ. गाडीच्या बाजूला टफन (भट्टीत तापवून कडक केलेली) काचच पाहिजे, तिचे फुटल्यावर बारीक खडे होतात. मोटार वाहन नियमावलीतला नियम १०० सुद्धा सेफ्टी ग्लास किंवा सेफ्टी ग्लेझिंगच मागतो. त्यात आपलं सोलापूर, मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, गाडी दिवसभर उन्हात तापलेली असते आणि कुणीतरी धुवायला म्हणून गार पाण्याचा पाईप मारतो, साधी काच तेवढ्यानं पण तडकू शकते. टफन असले धक्के आरामात सोसते.

पण टफनची एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. काच आधी कापतात, कडा घासतात, भोकं असतील तर पाडतात, आणि मग भट्टीत ६२० ते ६५० अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोतानं झटकन गार करतात. एकदा भट्टीतनं आली की तिला कापता येत नाही, भोक पाडता येत नाही, घासता पण येत नाही, प्रयत्न केला की अख्खी काच खडे होऊन खाली. म्हणजे २ मिमी जास्त झाली तरी नवीनच करायची. म्हणून सगळी दुरुस्ती फर्म्यावर, म्हणजे काचेच्याच आकाराच्या लाकडी नमुन्यावर करून घ्यायची, काचेवर काहीच ठेवायचं नाही.

आता अडकते का ते बघू, कारण हे सुधारल्याशिवाय माप घेऊन उपयोग नाही. तुम्ही काढलेली ती उभी पट्टी म्हणजेच दाराच्या मोठ्या काचेचा पुढचा रनर, म्हणजे काच सरकायची खाच होती. मागे एक रनर, पुढे एक रनर, दोन्ही समांतर, त्यात काच वरखाली पळायची. आता पुढे उरला फक्त चौकटीचा तिरका खांब. काच पूर्ण वर असते तेव्हा तिची तिरकी कड खांबात बसते, पण जरा खाली घेतली की ती कड खांबापासून सुटते आणि काचेला पुढून धरणारं काहीच राहत नाही. दुसरं म्हणजे वजन. काच पुढे वाढली तसा वजनाचा मध्य पण पुढे सरकला, पण मशीनचा (हँडल फिरवल्यावर काच वरखाली करणाऱ्या यंत्राचा) हात काचेला जुन्याच जागी ढकलतोय, म्हणून पुढचा कोपरा खाली झुकतो आणि काच तिरपी होऊन रुतते. तुम्ही कड कितीही घासा, ती रुतणारच.

उपाय असा की दाराच्या आत, खिडकीच्या खालच्या रेषेपासून खाली, पुढच्या बाजूला नवीन रनर वेल्ड करून घ्यायचा, मागच्या रनरला समांतर. समांतर आहे का ते बघायला मात्र टेप चालतो, वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला अंतर मोजा, एकच आलं पाहिजे. दोन्ही रनर एकाच पातळीत पण पाहिजेत, सुतळी ताणून बघा. काचेला त्या रनरसाठी खाली सरळ कड द्यायची, आणि काच पूर्ण वर गेली तरी निदान चार बोटं ती रनरमध्ये राहिली पाहिजे. हे खालचं शेपूट उघड्या चौकटीच्या मापात कधीच येत नाही. मशीनसाठी काचेखालचा यू चॅनल (काचेची खालची कड धरणारी पत्र्याची पट्टी) पुढे सरकवा म्हणजे हात वजनाच्या मध्याखाली येईल, तेवढी जागा मिळत नसेल तर दोन हाताचं कैची मशीन लावा.

माप घ्यायच्या आधी नवीन फेल्ट (रनरच्या आतलं मऊ अस्तर) आणि बेल्ट रबर (खिडकीच्या खालच्या रेषेवरचं रबर) बसवा. जुनं फेल्ट दबून पातळ झालेलं असतं, त्यावर माप घेतलं तर नवीन फेल्टमध्ये काच घट्ट होते. मग जुन्या काचेची जाडी व्हर्नियरनं मोजा आणि बरोबर तेवढ्याच जाडीचा एमडीएफ नाहीतर हार्डबोर्ड घ्या. जुन्या काचेवर स्टीलची पट्टी उभी-आडवी ठेवून पण बघा, पट्टीखाली उजेड दिसला तर काच वाकलेली आहे आणि मग सपाट काच करून चालणार नाही. सपाट असेल तर काम सोपं.

फर्मा रनरच्या तळापासून तळापर्यंत धरायचा आणि दोन्ही कडांना २-३ मिमी कमी करायचा. मग तो खरोखर यू चॅनलमध्ये बसवून मशीनवर चढवा, हँडल फिरवा, वरखाली करा, जिथं घासतो तिथं पेन्सिलीनं खूण, कानस मारा, परत चढवा. एमडीएफ काचेपेक्षा खूप हलका असतो, ५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला साडेबारा किलो भरतं, म्हणून फर्म्याला वजन बांधून चालवून बघा, हे बरेच जण करत नाहीत आणि मग फर्मा लोण्यासारखा पळतो पण काच अडते. पूर्ण खाली घेतल्यावर दाराच्या तळाला किंवा आतल्या पत्र्याला टेकत नाही ना, दार जोरात आपटून पण बघा.

डाव्या-उजव्या दाराचा फर्मा वेगळा करा. इतकी वर्षं डेंटिंग झालेली दारं एकसारखी राहत नाहीत. दोन्हीवर मार्करनं बाजू, "बाहेर", जाडी लिहा.

टफनिंगला पुणे किंवा हैदराबाद, जिकडं तुमचा माणूस असेल तिकडं पाठवा. ऑर्डर देताना कडा गोल घासून आणि कोपरे बोथट करून मागा. काचेवरच्या मानकाच्या मार्कचं आधीच बोलून घ्या, आयएस २५५३ या भारतीय मानकाचा भाग १ इमारतीच्या काचेचा आणि भाग २ वाहनाचा, आपल्याला भाग २ पाहिजे. रंगीत काच करायची असेल तर बाजूच्या काचेतनं निदान ५० टक्के उजेड पार झाला पाहिजे. काळी फिल्म नंतर चिकटवायचा विचार असेल तर सोडा, २०१२ साली सुप्रीम कोर्टानं ती बंद केली, नंतर नियम बदलले तरी बाजूच्या काचेची ५० टक्के उजेडाची अट तीच आहे.

ड्रायव्हरसमोरची मोठी काच (विंडशील्ड) यात धरू नका, ती लॅमिनेटेडच (दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली) लागते, तयार मिळते तीच घ्या.

एक मात्र मनापासून विचारतो. गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल आणि पुढेमागे व्हिंटेज नोंदणी करायची इच्छा असेल तर २०२१ च्या नियमात चेसिस, बॉडी शेल, इंजिन यात मोठा बदल चालत नाही. दारातल्या त्या पट्ट्या आणि क्वार्टरच्या फ्रेम टाकल्या नसतील तर भंगारात देऊ नका, कापडात गुंडाळून ठेवा.

बसवताना यू चॅनलमध्ये रबराची पट्टी घालूनच काच दाबा, पत्र्याला काच थेट टेकता कामा नये. फेल्टला ग्रीस-तेल लावू नका, आपल्याकडची धूळ त्यात बसते आणि महिन्याभरात काचेवर उभ्या रेघा येतात, सिलिकॉन स्प्रे पुरतो. दाराच्या तळाची पाण्याची भोकं उघडी आहेत का ते पण त्याच वेळी बघून घ्या.

दाराचं आतलं पॅड काढून, काच अर्ध्यावर अडकलेली असताना एक फोटो टाका, मशीनचा हात आणि यू चॅनल दोन्ही दिसू द्या. हात किती पुढे न्यायचा ते त्यावरनं सांगतो.